माझ्या एकटीपुढची काळी चाय

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. आता वयानं जरा निवळले, पण कॉलेजात होते तेव्हा माझं नाक कायम फुगलेलं. जिवतीच्या डोंगरावरून चंद्रपूरला शिकायला आलेली, वसतिगृहात राहणारी मुलगी मी. कोणी कुठंही हसलं की वाटायचं, मलाच हसले. त्या अख्ख्या शहरात माझी म्हणावी अशी एकच मैत्रीण होती. तिचे वडील गाद्या-रजया भरायचे आणि आई त्यांना टाके घालायची. डबा उघडला की ती आधी माझ्यापुढं सरकवायची, आणि माझ्या बोलण्यावर वर्ग हसला की माझ्याआधी तीच भांडायला उभी राहायची. ती नसती तर मी पहिल्याच वर्षी गाठोडं बांधून घर गाठलं असतं.

नव्वदीची शेवटची वर्षं असतील. एका शनिवारी कॉलेज लवकर सुटलं आणि ती मला पहिल्यांदा घरी घेऊन गेली. दोन खोल्या, त्यातली पुढची कापसानं निम्मी भरलेली. तिच्या आईला मी चाची म्हणाले. "ये बेटी, बस," त्या म्हणाल्या, "किती दिवसापासून आयकून राह्यली मी तुह्याबद्दल!" मला फार बरं वाटलं. जमिनीवर अंथरलेल्या नव्याकोऱ्या गादीवर मी अंग चोरून बसले, कारण पाय मळलेले होते.

थोड्या वेळानं चाची ट्रे घेऊन आल्या. तीन कप होते. दोन कपांत दुधाची चाय आणि एकात काळी. काळी त्यांनी माझ्यापुढं ठेवली.

आता काळ्या चायचं आमच्याकडचं सांगितल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. घरी आम्ही रोज तीच प्यायचो, गूळ घालून. शेळी आटली की दूध कुठून येणार? पण पाहुण्याला ती कधी द्यायची नाही. पाहुणा दिसला की आई मला मागच्या दारानं लोटा देऊन दुधासाठी पिटाळायची, आणि दूध नाहीच मिळालं तर सुपारी पुढं करून चायचा विषयच काढायची नाही. शिवाय दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेलो की बांधावर दोन किटल्या यायच्या: मालकाची दुधाची, मजुरांची काळी. कोणाला काय द्यायचं हे कधी विचारावं लागत नसे. मी जन्मापासून त्या दुसऱ्या किटलीची.

"पे ना, थंडी होऊन राह्यली," मैत्रीण म्हणाली. तिच्या डोळ्यांत काही तरी गंमत होती. मला ती चेष्टा वाटली.

मी एक घोट घेतला. अवं माय, कसला तो वास! लहानपणी वर्गातल्या एका मुलीकडं वासाचं खोडरबर होतं, अगदी तसा. मला वाटलं, कप नीट धुतलेलासुद्धा नाही, साबण राहिलाय. आणि आतल्या खोलीत ओट्यावर दुधाचं पातेलं मला इथून स्वच्छ दिसत होतं, काठाला जाड साय चिकटलेलं. डोकंच फिरलं माझं.

कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चाची, मी तुमच्या इथी मजुरी कराले नाई आली. आमी गरीब असन, पण पाहुण्याले दुधाची चाय देतो आमी."

चाचींनी हातातला कप खाली ठेवला. मैत्रीण "अगं, काय झालं, थांब ना" म्हणत मागं आली, पण मी चपला हातात घेऊनच रस्त्याला लागले होते.

सोमवारी ती दुसऱ्या बाकावर बसली. मी म्हटलं, बस! माफी तिनंच मागायला हवी होती ना? मंगळवार गेला, बुधवार गेला. डबा एकटीनंच खाल्ला, तरी माझी मान काही वळली नाही. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून रडायची. ती गेली तर या गावात माझं कोणी नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

गुरुवारी तिनंच मला पाण्याच्या नळापाशी गाठलं. रागानं तिचा चेहरा लाल झाला होता. "तुले माहीत तरी हाये काय, ते कोनती चाय होती?" तिच्या मामानं ती सौदीहून आणली होती. डब्यावर कुठल्याशा फळाचं चित्र, आत धाग्याला बांधलेल्या इवल्या पुड्या, मोजून दहा. दूध घातलं की ती बिघडते, असं मामानं बजावलं होतं. चाचींनी तो डबा कपाटात ईदच्या कपड्यांखाली ठेवला होता. "मी मांगली तं मलेबी नाई देल्ली अम्मीनं. म्हने, कोनी खास आलं तं काढू. अन् तू..." एवढं म्हणून ती निघून गेली.

मी तिथंच उभी राहिले. नळ चालू होता, तोही बंद करायचं सुचलं नाही. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी एकटीच त्यांच्या घरी गेले. चाची गादीला टाके घालत होत्या, मैत्रीण कोपऱ्यात पाठ करून बसली होती. "चाची, चुकली मी," एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं. वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी हळूच विचारलं, "ते जाऊ दे. आधी सांग, कशी लागली ते? मी तं अजून चाखलीच नाई."

खोटं बोलवेना. म्हणाले, "रागात होती चाची. चव कळलीच नाई."

"या अल्ला! म्हंजे एक पुडी फुकट गेली!" चाची इतक्या हसल्या की सुई बाजूला ठेवावी लागली. कोपऱ्यातली पाठसुद्धा हलायला लागली. मग डबा निघाला. एका पुडीत तिघींचं भागवलं. मी या वेळी मन लावून प्यायले. जिभेला जराशी तुरट, आणि नाकात मात्र गोडच गोड वास. त्या फळाला पीच म्हणतात, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. आता तसली चाय चंद्रपुरात कुठंही मिळते. चाची मात्र नाहीत.

चाचींनी एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला आणि तोंड असं काही वाकडं केलं! "हे? हे देल्ली मी तुले? बरं झालं बाई, रागावून गेलीस!"

आम्ही तिघी पोट धरधरून हसलो. मग त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "जा, आता तूच मांड दुधाची. साखर वरच्या फळीवर हाये."

मी आत गेले. साखर डोळ्यांसमोर होती, पण पाण्यानं डोळे एवढे भरले होते की मला ती बराच वेळ दिसलीच नाही.