डांबरावर बसलेली मेंढरं

टाळेबंदी उठली त्या आठवड्यात मोडनिंबजवळ महामार्गावर मेंढरांचा एक कळप बसला होता. वाहतूक बंद असताना मेंढरांना मोकळ्या, उबदार डांबरावर बसायची सवय लागली होती. मी मोटारसायकल थांबवली, तेवढ्यात समोरून मालट्रक भरधाव आला. मेंढरं राखणारी म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी राहून डोक्यावर घोंगडी फिरवू लागली. ट्रक करकचून थांबला.

"ए म्हातारे, मरायचंय व्हय?" चालक ओरडला.

"वरडू नगंस. रस्ता सुरू झाल्याचं तुला कळलं, मेंढरांस्नी कोण सांगणार?"

मग तिने घाई न करता काठी टोचून एकेक मेंढरू उठवलं. चालकाने इंजिन बंद केलं. लंगडं कोकरू तिने शेवटी काखेत घेतलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि हाताने ट्रकला वाट दिली. सगळी मेंढरं पलीकडे पोचली होती.