‘स्काउट’ या शब्दाचे भाषांतर

दारव्ह्याच्या शाळेत रुजू होऊन मला वर्ष होत आले होते आणि मला कायम करायचे की नाही, हे मुख्याध्यापकांच्या शेऱ्यावर ठरणार होते. त्याच दिवसांत त्यांनी नागपूरच्या फुटपाथवरून एक जुने, रंगीत इंग्रजी पुस्तक आणले आणि मोठ्या समाधानाने माझ्यापुढे ठेवले.

“आपल्या बालवीर पथकासाठी. शनिवारी प्रार्थनेनंतर पहिली चार पाने मराठीत वाचून दाखवा.”

मुख्याध्यापकांचे इंग्रजी अक्षरओळखीपुरते होते. मुखपृष्ठावरचा ‘स्काउट’ हा शब्द, रुंद काठाची टोपी आणि गळ्यातला रुमाल, एवढा पुरावा त्यांना पुरला होता. शाळेचा शिक्काही त्यांनी स्वतःच मारला होता. तो नेमका मुखपृष्ठावरच्या घोड्याच्या पोटावर उमटला होता.

मी पुस्तक उघडले. ती अमेरिकेच्या सरहद्दीवरील घोडदळाची चित्रकथा होती. त्यातले स्काउट दोरीच्या गाठी शिकवत नव्हते. ते फौजेच्या पुढे जाऊन माग काढीत आणि दर तिसऱ्या चित्रात बंदूक झाडीत. हा अर्थभेद मुलांना समजावणे सोपे होते. तो मुख्याध्यापकांना, तेही शेरा लिहिण्याच्या आठवड्यात, समजावणे ही निराळी गोष्ट होती.

आधी प्रतिशब्द तरी शोधावा, असे मी ठरवले. ‘बालवीर’ चालेना; कथेतल्या एकाला पांढरी दाढी होती. ‘हेर’ शब्दात कपट येते. ‘वाटाड्या’ जवळचा, पण त्याला वाट आधीच ठाऊक असते. शाळेचे शिपाई बंजारा होते. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. शिपाई चित्रांत डोकावून म्हणाले,

“आमच्यातबी असा मानूस राहे, गुरुजी. तांड्याच्या मोरं कोसभर जाये. पानी पाहे, चारा पाहे, अन् वापस येऊन सांगे.”

“त्याला काय म्हणत?”

“कायले काय म्हनतीन? त्याच्या मायनं ठेवलं तेच नाव!”

शब्दकोशाची मदत तिथेच संपली. शनिवारी घंटेआधी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो आणि सरळ सांगितले, “सर, हे पुस्तक बालवीरांचे नाही. शब्द तोच आहे, अर्थ वेगळा आहे. हे लढाईवरचे टेहळे आहेत.”

मुख्याध्यापक एरवी पुस्तकी मराठी बोलत. मनाला लागले की वऱ्हाडीवर येत.

“मंग मले शिक्का काहून मारू देला?”

“आपण मारूनच आणला होता, सर.”

ते खो खो हसले. “बरं झालं, आधीच सांगितलं. पोरायसमोर माही चांगलीच फजिती झाली असती.”

त्या दिवशी प्रार्थनेनंतर शिपायांनी मुलांना तांड्याची हकीकत सांगितली. चित्रकथा मुख्याध्यापकांनी ‘तपासणीसाठी’ घरी नेली.

शेरा जिल्ह्याच्या कचेरीला इंग्रजीतून पाठवावा लागे. सोमवारी त्यांनी मलाच समोर बसवले आणि मराठीत सांगू लागले, “स्वभावाने थोडे भित्रे. पण खरे तेच सांगतात. कायम करावे.”

शेवटची दोन वाक्ये मी झरझर उतरवली. ‘भित्रे’साठी मात्र एखादा सौम्य इंग्रजी शब्द शोधत राहिलो.

“अडलं काय?” ते म्हणाले. “लिवा ना जसंच्या तसं!”