व्याहीभेटीतला तास

आमच्या मामांसमोर शिंकायची हिंमत अख्ख्या भोकरदन तालुक्यात कुणाची नाही. शिंकलात की संपलात! निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण जीवशास्त्राचा मास्तर काही अंगातून उतरत नाही. नाकातल्या केसांपासून सुरुवात करून ते रक्तातल्या पेशींपर्यंत पोचतात, तोवर तुमची जालन्याची एसटी निघून गेलेली असते. एकदा दाढी करताना न्हाव्याचं बोट कापलं, तर रक्त कसं गोठतं यावर मामांनी त्याचाच तास घेतला आणि एका गालाला साबण तसाच ठेवून घरी आले. मामी म्हणाली, "दुसरा गाल काय उद्याच्या तासाला ठेवला का?"

त्यांचा सगळ्यात गाजलेला तास मात्र माझ्यासाठी होता. माझी बायको सोडली तर हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला होता. रिपोर्टात अँटिबॉडी सापडल्याचं वाचून मी शहाणा गोळ्या नाकारून बसलो. "मामा, अंगातले शिपाई लढून राह्यले ना, मंग गोळ्या कशाला?" मामांनी आठवडाभर समजावलं. मी ढिम्म.

मग वाटूरला मावसबहिणीचं लग्न आलं. व्याहीभेट सुरू झाली, दोन्ही व्याही कडकडून भेटले, आणि मामा ओरडले, "थांबा! बिलकुल सोडू नका!" मांडव गार.

"पोरीच्या बापानं पाहुण्याला असं आवळलं, की मागच्यांना त्याचं तोंडच दिसून न्हाई राह्यलं. काही अँटिबॉडी बराबर अशाच. विषाणूच्या प्रथिनाला इतक्या घट्ट चिकटतात, की त्याचा तुकडा कापून लढाईचा हुकूम देणाऱ्या मदतनीस पेशींना दाखवताच येत न्हाई. मंग त्यांना कळावं कसं, घरात कोण घुसलं? नुसत्या मिठीच्या भरवशावर बसू नका!"

रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. लोक पोट धरून हसले, फेटा सुटलेले व्याही भडकले, आणि मला कळलं, माझे शिपाईही नुसती मिठी मारून बसले असतील. दुसऱ्याच दिवशी जालन्याला जाऊन गोळ्या सुरू केल्या. मामा सोबत होते. रांगेत कुणीतरी दोनदा शिंकलं, तरी गप्प बसले.

त्या व्याह्यांनी मामांना पुन्हा कुठल्या कार्याला बोलावलं नाही. हळूहळू बाकीचेही टाळू लागले. मामांना लग्नं म्हणजे जीव की प्राण! मी एक शब्द बोललो असतो तरी त्यांचं हसं थांबलं असतं. बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते.

औंदा माझ्या लेकीचं लग्न आहे. पहिली पत्रिका मामांना नेली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि हळूच म्हणाले, "मी मागंच बसतो रे. पुन्हा तोंड सुटलं तर?"

"मामा, त्या दिवशी तुमचं तोंड सुटलं, म्हणून तर व्याहीभेटीला पोरीचा बाप हाये. तुम्ही माझ्या शेजारी उभं राह्यचं."