ह्यांनी दाखवलेला ध्रुव

लग्नानंतर आम्ही पुण्याहून मद्रासला आलो, वेस्ट मांबलममध्ये. संध्याकाळी गच्चीवर बसायचो. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी उत्तरेकडचा एक ठसठशीत तारा दाखवून सांगितलं, हा ध्रुव. मी रोज हात जोडू लागले.

तासाभरात तो नारळाच्या शेंड्यावरून पश्चिमेला सरकायचा. मी विचारलं, तर हे म्हणाले, "पृथ्वी फिरते ना, म्हणून." हे रेल्वेत होते. हालचालींबद्दल त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एकदा शेजारच्या मामी कपडे काढायला वर आल्या. त्या तंजावरकडच्या मराठी, शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांनी पाण्याच्या टाकीच्या जरा वर, क्षितिजाजवळ, एक मिणमिणता ठिपका दाखवला. ध्रुव तो. तो फार तेजस्वी नसतो, फक्त हलत नाही, आणि मद्रास दक्षिणेला असल्यामुळे पुण्यापेक्षा खाली दिसतो.

आम्ही बराच वेळ पाहिलं. तो हलला नाही. हे म्हणाले, "पुण्याचा जास्त चांगला होता."

लग्नात गुरुजींनी मला बजावलं होतं, त्या ताऱ्यासारखी अढळ राहा. तेव्हाही तारा दाखवणारं बोट ह्यांचंच होतं.