सागाचं बूड आणि टेलोमरेज

"मॅडम, मनिरामला तुम्ही काय सांगितलं? तीन महिन्यांनी उगवला आज. ऑपरेशनला गेलाच नाही. म्हणतो, लॅबवाल्या बाईनं सांगितलं, कापून फायदा नाई!"

सर्जन सरांचा फोन. मी गारच पडले.

मनिरामभाऊ आलापल्लीकडचे. उभा जन्म जंगलात साग तोडण्यात गेला. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं गालाच्या आत जखम झाली म्हणून गडचिरोलीला आले होते. बायोप्सी मीच पाहिली. कॅन्सर होता, पण लहान. नागपूरला ऑपरेशनची तारीखही मिळाली होती.

आमच्या लॅबमध्ये तेव्हा एक प्रोजेक्ट सुरू होता. त्यासाठी त्यांच्या गाठीचा तुकडा हवा होता, म्हणून कन्सेंट घ्यायला मी बसले. "तुकडा काऊन पाहिजे?" त्यांनी विचारलं. झालं, मला तेवढंच हवं होतं.

एका पेशीच्या दोन पेशी होताना तिच्यातल्या गुणसूत्रांची टोकं दर वेळी थोडी झिजतात. या टोकाला टेलोमिअर म्हणतात. फार झिजलं की पेशी वाढायची थांबते. टोकावर काही प्रथिनं पहाऱ्याला असतात. टोक झाकून ठेवायचं काम ती बघतात आणि टेलोमरेज नावाच्या, झिजलेलं टोक पुन्हा वाढवणाऱ्या एन्झाइमला कधी येऊ द्यायचं तेही ठरवतात. शरीरातल्या बहुतेक पेशींत टेलोमरेज बंदच असतं. कॅन्सरच्या पेशी बहुधा ते चालू करून घेतात, मग त्यांना थांबणं माहीतच नसतं.

हे सगळं मी रंगात येऊन सांगितलं. मनिरामभाऊ विचार करून म्हणाले, "म्हंजे सागाच्या बुडासारखं ना बाई? झाड तोडलं तरी बुडातून फुटतेच."

"अगदी बरोबर, भाऊ!" मला कोण आनंद झाला.

"मंग त्या टेलो-कायच्यावर औषध?"

"शोधून राह्यले लोक."

त्यांनी सही केली. मी खुशीत लॅबमध्ये परतले.

फोन ठेवून वॉर्डात गेले. गाल सुजलेला, मानेत गाठी.

"भाऊ, नागपूरले काऊन नाई गेले?"

"कापून काय होते बाई? फुटतेच म्हटलं ना तुमी. मुळावरचं औषध निघाचं होतं, वाट पाहून राह्यलो."

ते माझ्यावर चिडलेही नव्हते, त्याचंच जास्त वाईट वाटलं. लहान गाठ वेळेत पूर्ण काढली तर बहुतेकदा परत येत नाही, हे एक वाक्य मी बोललेच नव्हते.

"आता काढण्यासारखं राह्यलं नाही," सर म्हणाले. रेडिएशनचे शेक दिले. मनिरामभाऊ पावसाळ्याआधी गेले. त्यांच्या तुकड्याचा रिझल्ट मात्र झकास आला होता. टेलोमरेज जोरात चालू. माझ्या प्रेझेंटेशनमध्ये त्याचं कौतुक झालं आणि मला तिथं बसवेना.

आता कन्सेंटला बसले की आधी पेशंटलाच विचारते, "ऑपरेशन कधी आहे? त्यानं काय होणार?" त्यांचं नीट सांगून होईपर्यंत टेलोमरेजचं नाव काढत नाही. पाच मिनिटंही लागत नाहीत.