नाकातली फवारणी आणि तहकूब ग्रामसभा

माझ्या नाकामुळे आमची ग्रामसभा तहकूब झाली, हे पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे. कारण मात्र प्रत्येक वाडीत वेगळं सांगितलं जातं. खरं कारण सांगून सांगून मी दमले आहे. आता एकदाच लिहून टाकते.

आमचं गाव रत्नागिरी शहराला लागूनच आहे. वर कातळाचं सपाट पठार म्हणजे सडा, खाली आंब्याच्या बागा आणि मध्ये अख्ख्या गावाला पाणी देणारा झरा. त्या सड्यावर जांभ्या दगडाची चिरेखाण काढायला एका ठेकेदाराने गावाची परवानगी मागितली होती. खाण झाली की झरा आटणार, आणि हे ग्रामसभेत उभं राहून कुणीतरी नीट सांगणं भाग होतं. ते काम माझ्याकडे आलं. आईने उभं आयुष्य चळवळीची पत्रकं काढण्यात घालवलं. मला अक्षरओळखही तिने पत्रकांवरूनच करून दिली. इतर मुलं अननसाचा 'अ' शिकत होती तेव्हा मी अन्यायाचा शिकत होते. (अननस मी प्रत्यक्ष पाहिला तो सातवीत.)

अडचण होती नाकाची. बागेत मोहोर फुटला की शहरातले लोक वास घ्यायला गाड्या थांबवतात; मी खिडक्या लावून घेते. सरावासाठी देवळासमोर एक छोटी सभा घेतली, तर माझं वाक्य "ही चिरेखाण" याच्या पुढे सरकेना. ही चिरेखाण, शिंक. ही चिरेखाण आपल्या, शिंक, शिंक, डोळ्यांतून पाणी. आमच्या बागेला लागून ज्यांची बाग आहे ते हसनचाचा पुढेच बसले होते. बराच वेळ वाट पाहून ते म्हणाले, "गो बाय, खाण हवी का नको, तेवढं तरी शिंकायच्या आधी सांग."

ग्रामसभेला अजून तीनेक आठवडे होते. मी रत्नागिरीतल्या नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि ॲलर्जीचा स्प्रे लिहून दिला.

"यात काय असतं?" मी विचारलं.

"स्टेरॉईड."

इथे मी खुर्चीतच ताठ झाले. पुढचा पाव तास बाई मला स्प्रे कसा मारायचा ते सांगत होत्या आणि मी त्यांना औषध कंपन्यांचं राजकारण सांगत होते. दोघीही आपापल्या परीने पोटतिडकीने बोलत होतो. "मात्रा अगदी थोडी असते, काम मुख्यतः नाकातच करते, व्यायामशाळेतल्या पोरांचं ते वेगळं," असं काहीतरी मध्ये कानावर आलं. "रोज घ्यायचा, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात," हेही आलं. मग मी नफेखोरीवर आले. शेवटी बाई थकून म्हणाल्या, "हे नाकात मारायचंय हो. विधानसभेत नाही."

घरी आईने बाटली पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. उठसूट स्टेरॉईडची इंजेक्शनं टोचणाऱ्यांविरुद्ध तिने स्वतः कधीकाळी पत्रक काढलं होतं. "घरात राहू दे," ती म्हणाली, "नाकात नको." त्यामुळे बाटली कपाटात राहिली आणि मी तत्त्वाला धरून शिंकत राहिले. तत्त्वाला धरून शिंकताना रुमाल जास्त लागतात, एवढाच फरक. दीड आठवडा असा गेला. एका सकाळी चहाचा कप शिंकेसरशी आईच्या मांडीवर गेला तेव्हा आईनेच कपाट उघडलं.

दोन दिवस मी स्प्रे मारला. काही फरक पडला नाही. (पडणारही नव्हता. दोन दिवसांत पडतो असं कुणी म्हटलंच नव्हतं.) तेव्हा बाबांनी लक्ष घातलं.

बाबांनी आयुष्यात कधी भाषण केलं नाही की पत्रक वाचलं नाही. त्यांची कलमांची बाग आहे आणि मोहोराच्या दिवसांत फवारणी हे त्यांचं एकमेव शास्त्र आहे. त्यांनी बाटली हातात घेतली, उलटीसुलटी केली, हवेत एकदा दाबली आणि खेदाने मान हलवली.

"हे काय फवारतंय? धुकं नुसतं. यानं मोहोरावरचा तुडतुडा मरेल?"

"बाबा, माझ्या नाकात तुडतुडे नाहीत."

"नॉझल चोंदलाय," ते म्हणाले. पंपाचा नॉझल चोंदला की ते तार घालतात. इथे त्यांनी आईच्या साडीची सेफ्टी पिन घातली आणि फिरवली. आता धुकं गेलं आणि सणसणीत धार आली. बाबा पहिल्यांदाच समाधानाने हसले.

मग मला अंगणात वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं. स्वतःच्या तोंडाला त्यांनी पंचा गुंडाळला. "मान वर कर. आणखी. शेंड्यापर्यंत गेलं पाहिजे." मी आकाशाकडे पाहत उभी. धार आत गेली ती थेट घशात उतरली. कडू चव जिभेवर आली.

"गळतंय," मी म्हणाले.

"गळायलाच हवं. पान ओलं होऊन थेंब पडला की समजायचं, फवारणी झाली." आणि आणखी दोन धारा मारल्या. संध्याकाळी पुन्हा. डॉक्टरांनी दिवसातून एकदाच सांगितलंय म्हटलं तर म्हणाले, "डागदरणीची बाग आहे काय?"

एवढ्यावर थांबले असते तर ते बाबा कसले. एकाच कलमावर फवारलं तर कीड शेजारच्या कलमावर जाते, त्यामुळे सगळी बाग एकदम घ्यायची असते. त्या हिशेबाने त्यांनी आधी स्वतःच्या नाकात मारलं. आई स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी लावून बसली. तेव्हा ते दोन बागांमधल्या दगडी गडग्यापाशी गेले आणि हसनचाचांना हाक मारली.

"माझ्या नाकाला काय झालेलं नाय," चाचा म्हणाले.

"आज नाय झालेलं. आज पोरीकडे आहे, उद्या गडगा ओलांडून तुझ्याकडे येईल. मग मला सांगू नको."

चाचांनी थोडा विचार केला. गेली तीस वर्षं दोघे एकाच दिवशी फवारणी करत आले होते. त्यांनी मुकाट्याने गडग्यावरून नाक पुढे केलं. एकच बाटली, एकच टोक आणि नाकं तीन.

ग्रामसभेच्या दिवसापर्यंत शिंका थांबल्या होत्या. औषधाने थांबल्या की नाक दहशतीने गप्प बसलं होतं, देव जाणे. आत मात्र सगळं कोरडं पडून हुळहुळत होतं आणि श्वास घेतला की झोंबत होतं. निघताना बाबांनी "सभेपुरता एक जादा हात" म्हणून दोन्ही नाकपुड्यांत मधल्या पडद्यावर नेम धरून धार मारली. मी ती जोरात ओढून घेतली.

शाळेच्या सभागृहात गाव जमलं होतं. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ठेकेदाराची माणसं. माईक त्यांच्या मुकादमाजवळ होता. त्याने उठून तो अदबीने माझ्या हातात दिला. मी पांढरीशुभ्र ओढणी सावरली आणि सुरुवात केली.

"ही चिरेखाण आपल्या झऱ्याचा गळा घोटणार आहे."

अख्खं वाक्य, एकही शिंक नाही. मला स्वतःलाच इतका आनंद झाला की पुढचं वाक्य मी सगळा जोर लावून म्हटलं. ओठावर काहीतरी कोमट लागलं. लोक माझ्याकडे पाहायचे थांबून माझ्या ओढणीकडे पाहू लागले. मीही पाहिलं. ती लाल झाली होती.

"मुक्ताला मारलान," मागून एक बाई म्हणाली.

"कोणी मारलान?"

"माईक देताना. मुकादमानं."

पुढचं फार भराभर झालं. बाकं सरकली, माणसं उठली, मुकादमाभोवती कडं पडलं. तो बिचारा "मी नुसता माईक दिला हो" म्हणत खुर्ची छातीशी धरून उभा होता. मी रक्त थांबावं म्हणून मान मागे टाकली तर कुणीतरी म्हणालं, "चक्कर आली पोरीला." तेवढ्यात आई पोचली. तिने मला बाकावर बसवलं, मान पुढे वाकवली आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरला. "तोंडाने श्वास घे. दहा मिनिटं सोडायचं नाही."

"आई, त्यांना सांग, कुणी मारलं नाही." पण दाबल्या नाकाने यातलं एकही अक्षर धड बाहेर पडलं नाही.

"बघा, पोरीला बोलतापण येत नाय," बाई म्हणाली. दोघांनी बाह्या सरसावल्या.

आईने गर्दीकडे पाहिलं. ठेकेदाराची माणसं दाराकडे सरकत होती. तीस वर्षांत एकाही पत्रकाने गाव एवढं पेटलं नव्हतं. ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "तशी घाई नाही. दहाची पंधरा मिनिटं धरली तरी चालतं."

मी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं नाही, हे मला जिने शिकवलं तीच माझं नाक धरून बसली होती. मी तिचा हात बाजूला केला, उठले आणि माईक घेतला.

"मला कुणीही मारलेलं नाही. मुकादमांना सोडा. माझ्या नाकात बाबांनी फवारणी केली आहे."

मुकादमाभोवतीचं कडं माझ्याकडे वळलं. मग हसनचाचा मागून म्हणाले, "खरं आहे. माझ्यापण केलीय." आणि नाक चाचपून पाहू लागले. सरपंचांनी कपाळाला हात लावला आणि सभा तहकूब केली.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नाकात पाहिलं, मग भोक मोठं केलेली बाटली पाहिली, मग बराच वेळ बाबांकडे पाहिलं.

"पिन घातलीत?"

"चोंदला होता."

"आणि किती जणांनी घेतला?"

"बागेपुरताच."

मधल्या पडद्यावर ओरखडे आले होते. ते भरेपर्यंत काही दिवस स्प्रे बंद. मग नवी बाटली, फक्त माझी. बाईंनी या वेळी मला तोंड उघडू दिलं नाही. आधी नाक शिंकरायचं. बाटली हलवायची, नवी असेल तर हवेत दाबून धुकं येईपर्यंत पाहायचं. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा, आणि टोक मधल्या पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या कानाकडे. श्वास हलकेच, जणू फुलाचा वास घेतोय. सांगितलं तेवढंच, रोज, बरं वाटलं तरी. रक्त परत आलं तर थांबून त्यांना दाखवायचं.

"खोक्यात हे सगळं छापलेलं पत्रक असतं," त्या म्हणाल्या. "वाचलं नाहीत?"

आमची पत्रकं लोक न वाचता काजू बांधायला घेतात म्हणून मी भर सभेत लोकांना झापलेलं आहे. आणि खोक्यातलं ते पत्रक घडी घालून माझ्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली मीच सारलं होतं, भाषण लिहिताना अक्षर हलू नये म्हणून.

तहकूब सभा पुढच्या महिन्यात झाली. तोवर मी स्प्रे अगदी सांगितला तसा घेतला होता. नाक असं मोकळं, की मोहोराचा वास मला त्या वर्षी पहिल्यांदा कळला. मी उभी राहिले. शिंक नाही, रक्त नाही, थांबायला काही कारणच नाही. झऱ्यापासून सुरुवात केली, कातळावर आले, तिथून जंगलतोड, तिथून जागतिक भांडवल. तासाभराने पाहिलं तर ठेकेदाराचा एकही माणूस हलला नव्हता. उठून जात होती ती आमची माणसं. कुणाची फवारणी राहिली होती, कुणाच्या चुलीवर भात होता. हात वर करायची वेळ आली तेव्हा खाणीला विरोध करायला जेमतेम पुरतील इतकेच लोक उरले होते, तेही हसनचाचा दारात आडवे उभे राहिले म्हणून. परवानगी नाकारली गेली. झरा वाचला, थोडक्यात.

"आमचं मागच्याच महिन्यात ठरलेलं होतं गो," चाचा बाहेर पडताना म्हणाले. "आज तू गप्प कधी होतेस, तेवढंच बघत होतो."

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. शिंका थांबल्या, रक्त थांबलं, खाणही थांबली.

"मग आता काय तक्रार आहे?"

"माझी नाही, गावाची आहे. मी थांबत नाही."

त्यांनी पॅड बंद केलं. "त्याला माझ्याकडे काही नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.