दुखतंय कुणाला?

सत्त्याण्णव साली एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी औषधी वनस्पतींची माहिती गोळा करायला आहुप्याला गेले होते. बांधावर एक म्हातारी पाला खुडत होती. कुठलंही झुडूप दाखवलं, की हात न थांबवता तिचा एकच प्रश्न, "दुखतंय कुणाला?"

"कुणालाच नाही. लिहून घ्यायचंय."

"मंग न्हाई सांगायची. दुखणं कळल्याबिगर पाला कसा सांगू?"

शेवटी चिडून मी आईचे गुडघे पुढे केले. तशी ती पदराला हात पुसून माझ्यासमोर बसली. कोणता गुडघा? चढताना दुखतो का उतरताना? कधीपासनं? मला एकही उत्तर येईना.

"आईचं ठावं न्हाई, आन आमचं लिवाया आलीस व्हय?"

पुण्यात परतल्यावर पहिली मुलाखत मी आईची घेतली. डावा गुडघा, जिना उतरताना, चार वर्षांपासून.